आग्नेस टीचरांचा हात

अंड्यात काहीच दिसत नव्हतं. मी "दिसतंय" म्हणालो.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पापनिवेदनात फादरांनाही नाही. फादर हसले असते आणि दोन 'नमो मरिया' म्हणायला लावून त्यांनी मला घरी पाठवलं असतं. पन्नाशी ओलांडलेला माणूस कोंबडीच्या अंड्याबद्दल खोटं बोललो म्हणून गुडघे टेकून बसलाय, हे मलाही हास्यास्पदच वाटायचं. म्हणून मी दरवेळी नेहमीची पापं सांगायचो: राग, आळस, रविवारची चर्चमधली मिस्सा चुकवली. ती पापं खरी होती, पण ती सोपीही होती.

खोटं बोललो ते आग्नेस टीचरांशी. दुसरीत असताना मी त्यांच्यासमोर पाटी पुसायलाही घाबरायचो.

आमचं गाव वसई पश्चिमेला. पूर्वी नुसत्या वाड्या होत्या, आता वाड्यांच्या मधेमधे बिल्डिंगी आहेत, की बिल्डिंगींच्या मधेमधे वाड्या, हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. टीचरांचं घर आमच्या घराच्या मागे. मधल्या कुंपणाच्या भिंतीला एक भगदाड होतं. त्यातून कोंबड्या, वाटीभर साखर आणि टीचरांचा आवाज, असं सगळं ये-जा करायचं.

टीचर उंच, हाडकुळ्या. कॉटनची साडी, पदर खांद्याला पिनेने असा ठोकलेला की वादळातही हलणार नाही. मनगटावर नवऱ्याचं जाडजूड घड्याळ. नवरा गेल्यावर त्यांनी ते घालायला सुरुवात केली, पण त्यात सेल कधी घातला नाही. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "तो जिवंत असताना कधी वेळेवर चालला नाही. आता त्याच्या घड्याळाला कशाला त्रास?"

शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी कोंबड्या पाळल्या, की शाळेची सवय सुटेना म्हणून पाळल्या, सांगता येत नाही. कोंबड्यांना नावं होती आणि ती सगळी नोकरीत त्यांना छळणाऱ्या लोकांच्या हुद्द्यांवरून होती. एक होती इन्स्पेक्टर. एक क्लार्क, ती कधीच वेळेवर अंडं द्यायची नाही. आणि एक काळी, मान ताठ ठेवून चालणारी, दुसरीला दाण्यापाशी येऊ न देणारी. ती हेडबाई.

कोंबडी पाळणाऱ्या प्रत्येकाच्या घरी एक दिवस असा येतो की चांगली अंडी देणारी कोंबडी अचानक देणं बंद करते. घरट्यात जाऊन पिसं फुलवून बसते. खाली अंडं असो नसो, बसते. हात लावला तर टोचते, उठवलं तर कुरकुरत परत जाऊन बसते. याला आमच्याकडे खुडूक होणं म्हणतात. कोंबडी खुडूक झाली की आमच्या गावात दोनच गोष्टी केल्या जायच्या: आधी घरगुती उपाय, आणि ते फसले की आग्नेस टीचर.

घरगुती उपायांबद्दल टीचरांचं मत वाईट होतं. कोणी कोंबडीला पाण्याच्या बादलीत बुचकळायचं, कोणी शेपटीला लाल चिंधी बांधायचं. आमचा शेजारी डॉमनिक तर कोंबडीच्या नाकात तिचंच पीस आडवं खुपसून आला होता. हाही एक जुना उपाय, कोंबडीला बसल्या जागी चैन पडू नये म्हणून. डॉमनिक तेव्हा बँकेत मॅनेजर. टीचरांनी कोंबडी मांडीवर घेतली, ते पीस अलगद ओढून काढलं आणि म्हणाल्या, "डॉमनिक, इकडे ये. नाक पुढे कर."

बँकेच्या मॅनेजरने नाक पुढे केलं. दुसरीत त्याला सवय लागलेली होती. टीचरांनी ते पीस त्याच्या नाकपुडीत फिरवलं. तो शिंकला, परत शिंकला, डोळ्यांतून पाणी आलं.

"आता सांग. अंडं घालावंसं वाटतंय?"

"नाही, टीचर."

"मग तिला कसं वाटेल?"

टीचरांची पद्धत अशी. कोंबडी आणणाऱ्याला आधी ओसरीवर बसवायचं आणि शाळेत नाव घालायला आलेल्या पालकाची घेतात तशी त्याची मुलाखत घ्यायची. खाते का? बाहेर येते का? खुराड्यात आणखी कोण कोण आहे, कोणाशी पटत नाही? मग कोंबडीच्या छातीखाली हात सरकवायचा. वरून कधीच नाही, पुढून, खालून. वरून येणारा हात घारीचा असतो, असं त्या म्हणायच्या. हात तसाच ठेवून त्या थोडा वेळ गप्प बसायच्या. नवलाची गोष्ट ही की दिवसभर सगळ्यांना टोचणारी कोंबडी त्या हाताला टोचायची नाही. मग निकाल.

"हिला पिल्लं हवीत," किंवा, "हिला नुसतं बसायचंय."

नुसतं बसायचं असणाऱ्या कोंबडीसाठी चिकूच्या फांदीला तारेचा एक पिंजरा टांगलेला असायचा. तळाला फक्त जाळी, खाली वारा. आत दाणा-पाणी, पण गवताची काडी नाही. "पोटाखाली गार लागलं की डोकं ताळ्यावर येतं," त्या म्हणायच्या. दोन-तीन दिवसांत कोंबडी तिथून उतरून इतरांसारखी कचरा उकरायला लागायची. या पिंजऱ्याला टीचर 'बाक' म्हणायच्या. कोंबडीला बाकावर उभं केलंय, असं सांगायच्या. गावातल्या बऱ्याच नवऱ्यांनाही तिथे टांगायला हवं, असं त्यांनी माझ्या बायकोला, ग्लोरियाला, माझ्यादेखत सांगितलं होतं.

"तुझा अंतोन बघ. रविवारी दुपारी जेवून बसला की उठतो का? खाली काही नसतं. नुसता बसतो."

ग्लोरिया आठवडाभर हसत होती.

आणि ज्या कोंबडीला पिल्लं हवीत, तिला बसवायचं. हे काम टीचर करायच्या तेव्हा त्यांच्या तोंडाचा पट्टा थोडा बंद व्हायचा. जुनी टोपली, तळाला सुकं गवत. गवताखाली एक लोखंडी खिळा आणि कोळशाचा तुकडा, ढगांच्या गडगडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून. "मला माहीत आहे याने काही होत नाही," त्या म्हणायच्या, "पण काढून बघायची हिंमत माझ्यात नाही." अंड्यांची संख्या विषम. वेळ संध्याकाळची, चर्चची घंटा होऊन गेल्यावर. प्रत्येक अंड्यावर कोळशाने एक क्रूस. त्याचा उपयोगही होता: दुसऱ्या कोंबड्या चोरून त्या टोपलीत अंडं घालून जातात, मग बिनक्रूसाचं अंडं ओळखून काढता येतं. एकदा टीचरांकडे कोंबडी घेऊन आलेल्या एका पाटीलबाईंनी विचारलं, आमच्या कोंबडीच्या अंड्यांवरही क्रूसच काढणार का? टीचरांनी सगळ्यांवर क्रूस काढला आणि एकावर हळदीचं बोट लावलं. "असू दे. वर कोणाची ड्युटी आहे काय माहीत."

सगळं झालं की त्या दोन्ही हातांनी कोंबडी उचलून अंड्यांवर ठेवायच्या आणि क्षणभर तळवे तिच्या पाठीवर ठेवायच्या. बस्स. टीचरांनी बसवलेली कोंबडी रिकामी उठत नाही, असं गावात सगळे मानायचे. टीचर हे कोणी बोललं की हात झटकायच्या, पण पुन्हा बोलायला लावायच्या. त्या हाताचा त्यांना गर्व होता. शाळेचा, पेन्शनचा, मुलाच्या नोकरीचा कशाचाच नव्हता, हाताचा होता.

एका वर्षी चर्चमागे राहणाऱ्या घंटेवाल्याची कोंबडी खुडूक होऊन पापनिवेदनाच्या पेटीत शिरली. फादरांच्या बसायच्या जागेखाली कोपऱ्यात तिने आधीच अंडी जमवली होती, कोणाला पत्ता नव्हता. शनिवारी संध्याकाळी रांग लागलेली, नवे तरुण फादर आत जाऊन बसले, आणि लगेच झगा सावरत बाहेर आले. टीचरांना बोलावणं गेलं. त्या वाकल्या, हात आत घातला, थांबल्या.

"फादर, ही उठणार नाही. अंड्यांत पिल्लं भरत आली आहेत."

"पण टीचर, लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत. पापं शिळी झाली तरी नासत नाहीत. अंडी नासतात."

मग पिल्लं निघेपर्यंत फादर फणसाखाली खुर्ची टाकून बसले आणि पेटीत कोंबडी. त्या दिवसांत पापनिवेदनाला कधी नव्हे इतकी गर्दी झाली. निम्म्या बायका फणसाकडून परस्पर पेटीकडे जायच्या. एका रविवारी मिस्सा चालू असतानाच आतून चिवचिव ऐकू आली. टीचर पुढच्या बाकावरून मागे वळल्या आणि नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "इतकी वर्षं झाली, या पेटीतून काहीतरी चांगलं बाहेर पडलेलं आज पहिल्यांदा बघतेय." फादर वेदीवर होते. त्यांचे खांदे हलले ते मी पाहिले.

अशा बाईशी मी खोटं बोललो. आता ते कसं झालं, ते सांगतो.

टीचरांचा मुलगा विल्सन याने गाडी घेतली. गल्लीत लावली की कोणीतरी ओरखडा काढायचं. त्याचा डोळा खुराड्याच्या जागेवर होता.

"मम्मी, खुराड्याच्या जागेत गाडी बरोबर बसते. मी मापून बघितलंय."

"मी मेल्यावर मापायचं ना."

"तू काय इतक्यात मरत नाहीस."

"हे प्रेमाने म्हणतोस की तक्रार करतोस?"

विल्सन वाईट मुलगा नाही. त्याचंही म्हणणं खरं होतं. टीचरांना डोळ्यांनी कमी दिसायला लागलं होतं, डॉक्टर मोतीबिंदू पिकायची वाट बघत होते. खुराड्यात एकदा साप निघाला होता. पलीकडच्या बिल्डिंगवाल्यांनी पहाटे आरवतो म्हणून तक्रार केल्यावर कोंबडा आधीच विरारच्या एका मित्राकडे पाठवला होता. त्या मित्राने तो पाळला, असं विल्सन म्हणायचा. टीचर म्हणायच्या, "पाळला, मसाला लावून."

अशात हेडबाई खुडूक झाली. टीचरांनी छातीखाली हात घातला, नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवला, आणि विल्सनला हाक मारली. मी भगदाडाच्या अलीकडे नळाखाली पाय धूत होतो, त्यामुळे सगळं ऐकलं.

"हिला बसवते. पिल्लं निघाली तर खुराडं राहील आणि तू परत विषय काढायचा नाहीस. नाही निघाली तर तू तुझी गाडी लाव. मी एक शब्द बोलणार नाही."

"नक्की?"

"मी तुझी टीचरसुद्धा होते. मी कधी शब्द फिरवलाय?"

कोंबडा नाही, म्हणजे घरची अंडी वांझ. उबवायला अंडी आणायची ती जूचंद्रच्या हरिभाऊंकडून. हरिभाऊंच्या मुलीला टीचरांनी दहावीच्या वर्षी आपल्या घरी ठेवून शिकवलं होतं, तेव्हापासून ते टीचरांना बहीण मानायचे. त्यांच्याकडे अस्सल गावठी कोंबड्या आणि अंगणात रुबाबात फिरणारा एक लाल कोंबडा. विल्सनकडून अंडी आणवणं म्हणजे चोराकडे किल्ली देणं, म्हणून टीचर भगदाडातून म्हणाल्या, "अंतोन्या, रविवारी स्कूटर काढशील?"

रविवारी मिस्सेनंतर मी गेलो. हरिभाऊंनी पत्र्याच्या डब्यात भाताच्या तुसात एकेक अंडं बसवून दिलं. चहा पाजला. निघताना कापडी पिशवी माझ्या खांद्याला स्वतः अडकवली.

"डिकीत नको ठेवू, अंतोन. ऊन मरनाचं हाय, खाली इंजिन. अंडी तापतान आनि मग कं उपेग नाय. खांद्यालाच ठेव."

"हो, हरिभाऊ."

आणि मी खांद्यालाच ठेवली. नायगावपर्यंत. तिथे खाडीच्या बाजूला उभ्या राहिलेल्या टॉवरबाहेर मोठा फलक होता: सॅम्पल फ्लॅट तयार, भेट द्या. फ्लॅट घ्यायची माझी ऐपत नव्हती आणि इच्छाही नव्हती. आत एसी होता आणि थंड सरबत देतात असं ऑफिसातल्या एकाने सांगितलं होतं, एवढंच. दारावरच्या सुटाबुटातल्या मुलीसमोर तुसाने भरलेला डबा खांद्याला लावून जायची लाज वाटली. पिशवी डिकीत ठेवली, सीट बंद केली आणि आत गेलो.

बराच वेळ लागला. त्या मुलीने मला मास्टर बेडरूम दाखवली, बाल्कनीतून मिठागरं दाखवली, सरबत दोनदा दिलं. किचनच्या ओट्यावर शोभेला एका टोपलीत प्लास्टिकची अंडी ठेवली होती. ती निदान खोटी म्हणून ठेवलेली होती.

बाहेर आलो तर सीटला हात लावता येईना. डबा गरम. एक अंडं फोडून बघितलं. पांढरं दुधाळ झालेलं, कडेने घट्ट धरायला लागलेलं.

इथे मी परत फिरू शकत होतो. जूचंद्र मागे होतं, फार लांब नव्हतं. हरिभाऊ दोन शब्द बोलले असते आणि दुसऱ्या डब्यात नवी अंडी भरून दिली असती. का नाही गेलो, याची मी नंतर पुष्कळ कारणं शोधली. हरिभाऊंपुढे लाज वाटली, हे एक आहे. पण खरं कारण त्याहून क्षुद्र आहे. मला भूक लागली होती. रविवारचं जेवण होतं आणि ग्लोरियाने दोनदा फोन केला होता.

शिजत आलेली अंडी मी खाडीच्या कडेला ओतून दिली. कावळे लगेच आले. स्टेशनबाहेरच्या अंडीवाल्याकडे 'गावठी' म्हणून तपकिरी अंडी होती. "असली गावठी आहेत ना?" मी विचारलं. "एकदम असली," तो म्हणाला. दोघांनाही माहीत होतं. तसली अंडी पोल्ट्रीतली असतात, तिथे कोंबडीने जन्मात कोंबडा पाहिलेला नसतो. त्यातल्या त्यात लहान बघून निवडली, त्याच तुसात लावली आणि डबा टीचरांना नेऊन दिला.

टीचरांनी एक अंडं उचललं. अंगठा फिरवला.

"हरीच्या कोंबड्या साबणाने आंघोळ करायला लागल्या काय रे? इतकी गुळगुळीत?"

"वहिनींनी पुसून दिली."

"पुसायची नसतात, तिला माहीत आहे." त्यांनी अंडं परत तुसात ठेवलं. "असू दे. पाहुण्याच्या हातात द्यायची म्हणून पुसली असतील."

संध्याकाळी घंटा झाली. खिळा, कोळसा, गवत, क्रूस. टीचरांना कमी दिसत होतं, काही क्रूस तिरके आले. हेडबाईला त्यांनी अंड्यांवर ठेवलं, तळवे पाठीवर ठेवले. या वेळी ते जरा जास्तच वेळ ठेवले. विल्सनही ओसरीवरून बघत होता. त्याची बायको सविता टोपली धरून उभी होती. मी भिंतीला टेकून उभा होतो. एकदा वाटलं बोलावं. हेडबाईने अंडी पोटाखाली ओढून घेतली आणि डोळे मिटले, मग मी जेवायला गेलो.

आठवड्याभराने टीचरांनी हाक मारली. अंडी प्रकाशात धरून तपासायची वेळ झाली होती. आत जीव धरला असेल तर या सुमाराला लालसर रेघा दिसतात, मधे एक ठिपका, अगदी छोट्या कोळ्यासारखा. काही नसेल तर अंडं नुसतं उजळतं. तशी अंडी काढून टाकतात, आणि सगळीच तशी निघाली तर कोंबडीला उठवून दुसरी अंडी देता येतात. म्हणजे अजून सगळं सावरता येण्यासारखं होतं, हे लक्षात घ्या.

"मला आता धूसर दिसतं," टीचर म्हणाल्या. "सविताला भीती वाटते, तिच्या हातून पडेल म्हणते. विल्सनवर माझा विश्वास नाही. तू वाच."

'वाच' म्हणाल्या. दुसरीत पुस्तक पुढे सरकवून म्हणायच्या, तसंच.

ओसरीमागच्या अंधाऱ्या खोलीत मी मोबाइलचा टॉर्च लावला, मूठ वळवली, मुठीवर अंडं ठेवलं. अंडं लख्ख उजळलं. पिवळी सावली सोडली तर आत काही नव्हतं. दुसरं, तिसरं, तेच. टीचर समोर स्टुलावर बसल्या होत्या, डोळे बारीक करून, अंड्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत.

"दिसतंय?"

"दिसतंय."

"लाल?"

"लाल. कोळ्यासारखं."

"सगळ्यांत?"

"एखादं-दुसरं शंका येण्यासारखं आहे," मी म्हणालो. खोट्याला थोडा खरेपणा यावा म्हणून.

"शाबास," टीचर म्हणाल्या, आणि अंडी माझ्या हातातून एकेक करून परत घेतली. शाळेत त्यांनी मला शाबास म्हटलेलं आठवत नाही.

पुढचं कसं झालं ते तुम्हाला कळलंच असेल. हेडबाई बसली. दिवसातून एकदा उठायची, चार दाणे टिपायची, परत बसायची. तिची छाती हाताला हाडासारखी लागायला लागली. पिल्लं निघायचा दिवस आला आणि गेला. टीचर रोज टोपलीला कान लावायच्या. विल्सन एक शब्द बोलला नाही, त्याचं श्रेय त्याला द्यायला हवं. शेवटी एका दुपारी टोपलीतच एक अंडं फुटलं, आणि असा वास सुटला की पलीकडच्या बिल्डिंगीतल्या खिडक्या बंद झाल्या.

टीचरांनी उरलेली सगळी स्वतः अंगणात नेऊन फोडली. एकात तरी काही धरलेलं असेल म्हणून. नव्हतं.

त्यांनी हरिभाऊंना फोन लावला. स्पीकर चालू, कारण ऐकायलाही आताशा कमी येत होतं.

"हरी, तुझा कोंबडा म्हातारा झालाय. सगळी वांझ निघाली."

"काय बोलतंस टीचर!" हरिभाऊंना खरंच धक्का बसला. "माझ्याकरं त्याच दिसाला कोंबरी बसवली, त्याच कोंबऱ्याची अंडी. सगली पिल्ली निंगाली. अंगनात पलतान. आयक." आणि त्यांनी फोन खाली धरला असावा, कारण स्पीकरमधून चिवचिव ऐकू आली.

टीचरांनी ती शांतपणे ऐकली.

"चांगलं झालं. म्हणजे कोंबडा बरा आहे," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला. मग दोन्ही तळवे उलटसुलट करून बघितले, पाटी बघावी तसे.

"अंतोन्या, तुला तर दिसलं होतं ना?"

"हो."

"मग धरलं होतं, आणि माझ्या हाताखाली गेलं."

मी काहीच बोललो नाही. 'दिसतंय' म्हणण्यापेक्षा ते न बोलणं मोठं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच वाटलं की सुटलो.

टीचरांनी शब्द पाळला. कोंबड्या वाटल्या गेल्या, इन्स्पेक्टर घंटेवाल्याकडे, क्लार्क डॉमनिककडे. खुराडं पाडलं, तिथे सिमेंट झालं, वर पत्रा आला. हेडबाईला मात्र कोणी घेईना, तिचा स्वभाव सगळ्यांना माहीत होता. ती राहिली. गावातून लोक अजून यायचे, पिशवीतून मान बाहेर काढणारी कोंबडी घेऊन. टीचर पिंजऱ्यात टांगून द्यायच्या, थट्टाही करायच्या. पण कोणी म्हणालं, टीचर, बसवून द्या, तर हात काखेत घालायच्या. "ते आता माझ्याकडे नाही. दुसरीकडे बघ." एक-दोनदा लोकांना वाटलं, गंमत करतात. मग यायचे बंद झाले.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता सगळं स्पष्ट दिसतं, टीचर म्हणायच्या, आणि दिसण्यासारखं काही उरलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते नाताळानंतर. ग्लोरियाने दिलेला डबा घेऊन गेलो होतो. विल्सन गाडीत बसून हॉर्न वाजवत होता, त्याला अंधेरीला कामावर जायला उशीर होत होता, आणि सविता झाडू घेऊन मागच्या चाकाशी वाकली होती. हेडबाई गाडीखाली बसली होती. खुडूक. म्हातारी झाली होती, अंडी केव्हाच थांबली होती, तरी सिमेंटवर पिसं फुलवून बसली होती.

"मम्मी, तूच काढ ना हिला," विल्सन म्हणाला.

टीचर प्लास्टिकच्या खुर्चीवर उन्हात बसल्या होत्या. "अंतोन काढेल. पुढून घाल रे, खालून. वरून नको."

मी पोटावर आडवा झालो, हात घातला. तिने मला कडकडून टोचलं. तिला बाहेर ओढलं तेव्हा खालून एक चेंडू घरंगळत आला. पलीकडच्या बिल्डिंगीतल्या पोरांचा टेनिसचा चेंडू. चावून कुरतडलेला, हिरवा.

विल्सन हसला. सविता हसली. टीचरही हसल्या, खूप वेळ, पदराने डोळे पुसत. मग म्हणाल्या, "बघ, हिला अजून वाटतं जमेल. या गावात माझ्यापेक्षा शिकलेली एवढीच."

मी कोंबडी काखेत धरून त्यांच्यासमोर उभा होतो. अंगणात आम्ही सगळेच होतो, आणि सगळे हसत होते. बोलायला यापेक्षा सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती.

"येतो, टीचर," मी म्हणालो. त्यांनी हेडबाईला घ्यायला हात पुढे केले, आणि अर्ध्यात मागे घेतले. "सविताकडे दे," म्हणाल्या.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात त्या गेल्या. झोपेत, कोणाला त्रास न देता. हे त्यांच्या स्वभावाला सोडून होतं, असं डॉमनिक दफनभूमीतून परतताना म्हणाला, आणि आम्ही सगळे रडता रडता हसलो.

परवा सविता भगदाडातून ग्लोरियाशी बोलत होती. तिला पुन्हा चार कोंबड्या ठेवायच्या आहेत, विल्सनही हो म्हणतोय, गाडी आता कंपनीची मिळणार आहे. "पण पिल्लं काढायच्या भानगडीत नाही पडणार," ती म्हणाली. "आमच्या घराचा हात गेला. मम्मी स्वतः सांगून गेल्या."

टीचरांचा हात कुठेही गेला नव्हता. अंडी स्टेशनबाहेरची होती, ती मी आणली होती, आणि त्यांत काही नाही हे मला दिसलं होतं. हे मी टीचरांना सांगायला हवं होतं, ते आता होणार नाही. सविताला सांगणं अजून माझ्याकडे बाकी आहे.